रविवारचा अर्धा तास : ध्येय, आढावा आणि वाचकांचे प्रश्न

'ठरवणं जमतं, टिकवणं जमत नाही' अशा अर्थाची बरीच पत्रं या महिन्यात आली. त्यांतली निवडक पत्रं थोडक्यात आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : राज्यसेवा परीक्षेचा माझा तिसरा प्रयत्न चालू आहे. अभ्यासिकेतून आल्यावर रोज रात्री डायरी लिहितो. मागची पानं चाळली तर 'आजचा दिवस वाया गेला, उद्यापासून नक्की' हेच पानोपानी सापडतं. सराव चाचणीतले गुणही वाढत नाहीत. आत्मपरीक्षण करूनही फरक का पडत नाही? (विद्यार्थी, पुणे)

उत्तर : तुमच्या डायरीत निकाल आहे, नोंद नाही. 'वाया गेला' या शब्दांतून उद्या नेमकं काय बदलायचं ते कळत नाही, नुसतं वाईट वाटतं. आणि वाईट वाटून घेतलं की आपण काहीतरी केलं असं समाधान मिळतं, म्हणून ते वाक्य दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिलं जातं.

रोजची नोंद दोन मिनिटांत संपली पाहिजे. तीन रकाने आखा : ठरवलं काय, झालं काय, मध्ये काय आलं. उदाहरणार्थ, 'पंचायत राज ४० पानं / १८ पानं / चहाला ११ वाजता उतरलो, जागेवर परत १२.१० ला.' एवढंच. 'आळशीपणा', 'निष्काळजीपणा' असे शब्द त्यात येऊ देऊ नका, फक्त घडलं ते लिहा. अशा सहा ओळी रविवारी एकाखाली एक दिसल्या की चहाचा तास तीनदा आलेला लगेच डोळ्यांत भरतो. तो तुमच्या स्वभावाचा दोष नाही. अकरा वाजता सगळा ग्रुप एकदम उठतो आणि तुम्ही त्यांच्याबरोबर उठता, एवढाच त्याचा अर्थ. मग उपायही तेवढाच लहान निघतो : चहा साडेदहाला, एकट्याने, पंधरा मिनिटं.

दर रविवारी अर्धा तास आढाव्याला ठेवा आणि त्याची वाटणी अशी करा. पहिली पाच मिनिटं नुसती बेरीज : किती पानं ठरवली, किती झाली, किती प्रश्न सोडवले. पुढची दहा मिनिटं तिसऱ्या रकान्याला द्या आणि दोनदा किंवा जास्त वेळा आलेला अडथळा अधोरेखित करा. त्यानंतरची दहा मिनिटं त्या एकाच अडथळ्यावर पुढच्या आठवड्यासाठी एक बदल ठरवायला, आणि उरलेली पाच नवं वेळापत्रक लिहायला. बदल एकच ठेवा, हे आम्ही आग्रहाने सांगतो. पहाटे उठणं, मोबाइल बंद आणि नवी अभ्यासिका असं तिन्ही एकदम सुरू केलं, तर आठवडा चांगला गेला तरी कशामुळे गेला ते कळत नाही, आणि बिघडला तर तिन्ही सुटतात.

नवं वेळापत्रक लिहिताना मागच्या आठवड्याचा खरा आकडा समोर हवा. काम किती वेळात होईल याचा अंदाज माणूस सगळं सुरळीत चालेल असं धरून बांधतो आणि मागचा अनुभव बाजूला ठेवतो. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली हा दोष दाखवून दिला. गेल्या आठवड्यात २४० पानं ठरवून ११० झाली असतील, तर या आठवड्यात १२० लिहा. ३०० लिहून भरपाई होत नाही. बुधवारीच मागे पडल्यासारखं वाटतं आणि गुरुवारपासून वही उघडावीशीही वाटत नाही.

आता सराव चाचणीबद्दल, कारण तुमच्या पत्रात 'गुण वाढत नाहीत' एवढंच आहे. पूर्वपरीक्षेच्या पहिल्या पेपरमध्ये १०० प्रश्न, २०० गुण आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या एक चतुर्थांश, म्हणजे अर्ध्या गुणाची वजावट. समजा तुम्ही ८८ प्रश्न सोडवले, ५२ बरोबर आले, ३६ चुकले. १०४ वजा १८, म्हणजे ८६ गुण. बहुतेक जण इथेच थांबतात आणि 'अजून वाचायला हवं' असं म्हणतात. त्याऐवजी ते ३६ प्रश्न एकेक करून चार खणांत टाका. माहीतच नव्हतं : ८. वाचलं होतं पण आठवलं नाही : ११. प्रश्न नीट वाचला नाही : ७. अंदाजाने मारलं : १०. चुकलेला प्रत्येक प्रश्न हातचे दोन गुण घालवतो आणि वर अर्धा कापतो. म्हणजे 'अयोग्य विधान ओळखा' मधलं 'अयोग्य' नजरेतून सुटल्यासारख्या सात चुकांनी साडेसतरा गुण नेले. त्यावर नवं पुस्तक हा उपाय नाही. पेन्सिलने 'अयोग्य', 'नाही', 'वगळता' या शब्दांखाली रेघ मारण्याची सवय हा उपाय आहे.

आठवलं नाही त्या अकरांसाठी उजळणीचं अंतर बदला : वाचल्यावर दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने, आणि प्रत्येक वेळी पुस्तक मिटून कागदावर मुद्दे काढा. अधोरेखित ओळींवरून नजर फिरवली की सगळं येतंय असं वाटतं, पण परीक्षेत ओळी समोर नसतात. अंदाजाचा हिशेबही एकदा करून ठेवा. उत्तराचे चार पर्याय धरले, तर डोळे मिटून मारलेल्या प्रश्नातून सरासरी जेमतेम ०.१२५ गुण हाती लागतो, आणि दोन पर्याय खात्रीने खोडून मारलेल्या प्रश्नातून ०.७५. म्हणून अंदाजाच्या प्रत्येक प्रश्नाशेजारी किती पर्याय खोडले होते तो आकडा लिहा. चार-पाच चाचण्यांनंतर तुमचा कोणता अंदाज फळतो हे तुम्हालाच दिसेल.

सीसॅट, म्हणजे पूर्वपरीक्षेचा दुसरा पेपर, आता पात्रतेपुरता असला तरी २०० पैकी ६६ गुण लागतातच, त्यामुळे आठवड्यातला एक रकाना त्याचाही हवा. आणि २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे, तेव्हा नुसती पानं मोजून भागणार नाही. स्वतःच्या हाताने, वेळ लावून लिहिलेली उत्तरं मोजा. आठवड्याला शून्य उत्तरं आणि तीनशे पानं, ही नोंद दोन आठवडे सलग आली तर ती धोक्याची समजा.

जाहिरात कधी निघेल, परीक्षा पुढे ढकलली जाईल का, यावर रविवारचं एक मिनिटही घालवू नका. ते तुमच्या वहीत येतच नाही.

प्रश्न : वय ४६, मधुमेह आहे. रोज सकाळी चालायचं ठरवते, आठ-दहा दिवस जमतं, मग पाहुणे येतात किंवा पाऊस येतो. एकदा खंड पडला की सगळंच सोडून देते. इच्छाशक्ती कशी वाढवावी? (शिक्षिका, नाशिक)

उत्तर : इच्छाशक्ती राहू द्या, चालण्याची वेळ बदला. शाळा, डबे आणि नळाचं पाणी हे तिन्ही सकाळीच असताना त्याच तासात चौथं काम घुसवलं तर पहिला बळी त्याचाच जाणार. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं तर जेवणानंतर चढणारी साखर आटोक्यात राहायला मदत होते, आणि ते संध्याकाळी घराजवळही होतं. आठवड्याला एकूण १५० मिनिटं हा जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेला किमान आकडा आहे. पंधरा मिनिटांचे दहा तुकडे केले तरी तो भरतो. तुम्ही इन्सुलिनवर किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्यांवर असाल, तर चालण्याची वेळ डॉक्टरांना विचारून ठरवा आणि खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवा.

ठराव लिहिताना 'रोज चालेन' असं लिहू नका. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी तपासून दाखवलेली 'जर-तर' पद्धत वापरा : 'रात्रीच्या जेवणानंतर ओटा पुसून झाला की चप्पल घालायची.' आधीपासून चालू असलेल्या कामाला नवं काम बांधलं की आठवण ठेवावी लागत नाही. अडथळ्यासाठीही एक 'जर-तर' आधीच लिहून ठेवा : 'पाऊस असेल तर इमारतीच्या पार्किंगमध्ये दहा फेऱ्या', 'पाहुणे असतील तर त्यांना पोहोचवायला कोपऱ्यापर्यंत'.

खंडाबद्दल तर निश्चिंत राहा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयी कशा जडतात ते पाहिलं. २०१० साली छापून आलेल्या त्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला लागलेल्या काळाचा मधला आकडा ६६ दिवस निघाला, आणि माणसामाणसांत फरक १८ ते २५४ दिवसांचा. एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यावर म्हणण्यासारखा परिणाम दिसला नाही. तेव्हा वहीत 'सलग किती दिवस' हा रकाना ठेवूच नका, कारण तो आकडा शून्यावर आला की माणूस वहीच टाकून देतो. 'या आठवड्यात सातपैकी किती' असा ठेवा. पाच झाले तर आठवडा उत्तम. दोन झाले तरी दोन लिहा.

आणखी एक चूक नेहमी होते ती निकालाची घाई. एचबीए१सी तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते, कारण रक्तातल्या तांबड्या पेशीचं आयुष्य साधारण १२० दिवसांचं असतं. तीन आठवडे चालून केलेल्या तपासणीत मेहनत पुरती उतरलेली नसते, आणि 'काही उपयोग नाही' हा निष्कर्ष त्या घाईतून निघतो. दर रविवारी चालण्याचे दिवस मोजा, तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा, सर्वसाधारणपणे तीन महिन्यांनी. मेहनत आणि निकाल यांचे रकाने वेगळे ठेवा.

प्रश्न : एका वेळी किती ध्येयं घ्यावीत? अॅप वापरावं की वही? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : दोन. एक कामाचं किंवा अभ्यासाचं, एक शरीराचं किंवा घरचं. तिसरं सुचलं तर वहीच्या शेवटच्या पानावर लिहा आणि तीन महिन्यांनी बघा, तेव्हा ते अजून हवंसं वाटतंय का. वही आम्हाला बरी वाटते, कारण मोबाइल उघडल्यावर नोंदीपर्यंत पोहोचेस्तोवर चार सूचना येऊन जातात. आकड्यांची बेरीज मोठी असेल, जसं खर्च, तर मात्र मोबाइलमधला तक्ता सोयीचा.

प्रश्न : 'तुमच्या यशाची जबाबदारी तुमचीच' हे शहरात बोलायला ठीक आहे. आमचा कांदा. भाव आम्ही ठरवत नाही, पाऊस आम्ही पाडत नाही, निर्यात आम्ही बंद करत नाही. मग आम्ही कसलं आत्मपरीक्षण करायचं? (शेतकरी, निफाड तालुका)

उत्तर : तुमचा मुद्दा पूर्ण बरोबर आहे आणि तो आधी मान्य करायला हवा. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद झाली, ती ४ मे २०२४ ला किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून उघडली. त्या हंगामात तुम्हाला झालेला तोटा 'माझं नियोजन कमी पडलं' म्हणून स्वतःच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. असल्या गोष्टींची दाद संघटनेतून, बाजार समितीत आणि मतपेटीतून मागायची असते, रविवारच्या वहीतून नव्हे.

पण म्हणून वही रिकामी राहत नाही. हंगाम संपल्यावर पानाचे तीन भाग करा : माझ्या हातातलं, काही अंशी हातातलं, हातात नसलेलं. भाव, निर्यात, अवकाळी तिसऱ्यात टाका आणि सोडून द्या. बाकी दोन भागांत जे उरतं ते थोडं नसतं. आधी प्रति क्विंटल खर्च काढा, आणि तो काढलेल्या मालावर नव्हे, विकलेल्या मालावर. समजा एकरी ८०,००० रुपये खर्च आला आणि १०० क्विंटल माल निघाला. कागदावर खर्च ८०० रुपये क्विंटल. चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, सड, कोंब आणि वजनातली घट मिळून २० क्विंटल गेले आणि ८० विकले, तर खरा खर्च १,००० रुपये. हे दोनशे रुपये सरकारने नेले नाहीत, चाळीने नेले. ते कुठे गेले याचा शोध तुमच्या हातात आहे.

तो शोध ओळीने घ्या. काढणीआधी पाणी कधी तोडलं? दहा-पंधरा दिवस आधी तोडलं नसेल तर मान (कांदा आणि पात यांमधला भाग) ओली राहते आणि सड तिथूनच सुरू होते. निम्म्याच्या आसपास माना पडल्यावर काढला की मजूर मिळाले म्हणून आधीच? लागवडीला दोन महिने उलटल्यावरही युरिया टाकला होता का? उशिराच्या नत्राने मान जाड होते आणि कांदा टिकत नाही. पातीसकट शेतात सुकवला का? पात कापताना दोन-अडीच सेंटिमीटर मान ठेवली, की घाईत बुडाशी कापली? जोड (जुळे कांदे), डेंगळे (फुलाचा दांडा आलेले), गोल्टी (बारीक कांदे) आणि मार लागलेला कांदा चाळीत भरण्याआधी वेगळा काढला का? थर किती उंच रचला, आणि खालून हवा खेळत होती का?

या सगळ्यांची उत्तरं हंगामानंतर आठवत नाहीत, म्हणून तारखा त्या त्या दिवशीच, निदान कॅलेंडरच्या चौकोनात लिहा : 'पाणी बंद', 'काढणी', 'चाळीत भरला, किती क्विंटल'. पुढे चाळ फोडाल तेव्हा प्रत्येक वेळी विकलेला आणि फेकलेला माल वेगवेगळा लिहा. दोन हंगामांच्या अशा नोंदी समोर असल्या, तर कोणत्या महिन्यापर्यंत ठेवणं तुमच्या मालाला परवडतं हे गावातल्या ऐकीव अंदाजापेक्षा नेमकं कळतं. सगळा माल एकाच दिवशी विकायला काढायचा की तीन टप्प्यांत, हा निर्णय मधल्या भागात येतो. भाव तुमचा नाही, पण टप्पे तुमचे आहेत.

प्रश्न : रात्री अंथरुणावर पडल्यावर दिवसाचा विचार करते आणि मग तासन् तास झोप येत नाही. 'मी अशी का आहे' इथपर्यंत विचार जातो. आत्मपरीक्षणाने मला त्रासच जास्त होतो. (नोकरदार, डोंबिवली)

उत्तर : तुम्ही करता ते आत्मपरीक्षण नाही, ते घोकणं आहे. सुझन नोलेन-होक्सेमा या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी या सवयीवर पुष्कळ वर्षं काम केलं. त्याच त्या दुःखाभोवती मन फिरत राहिलं की उदासी लांबते आणि प्रश्न सोडवण्याची ताकदही घटते, हे त्यांनी दाखवलं. ओळखण्याची खूण सोपी आहे : दहा मिनिटांनंतर हातात एखादी करण्याजोगी गोष्ट आली तर तो आढावा, आणि फक्त जुने प्रसंग वाढत गेले तर घोकणं.

तुमच्यासाठी तीन बदल. जागा : अंथरुणावर कधीच नाही, टेबलाशी, दिवा लावून, संध्याकाळी सातच्या आत. लोकलमध्ये बसायला मिळत असेल तर तिथेही चालेल. वेळ : घड्याळ लावून दहा मिनिटं, घंटा वाजली की वही बंद, वाक्य अर्धं असलं तरी. भाषा : 'का' ऐवजी 'काय, केव्हा, कुणासमोर'. 'मी मीटिंगमध्ये गप्प का बसते' याचं उत्तर बालपणापर्यंत जातं. 'मंगळवारी कोणत्या मुद्द्यावर बोलायचं होतं, आणि तेव्हा कोण बोलत होतं' याचं उत्तर एका ओळीत येतं, आणि त्यावरून पुढच्या मंगळवारी मुद्दा आधीच मेलने कळवायचा हे सुचतं. लिहिताना 'मी' न लिहिता स्वतःचं नाव घालून, तिऱ्हाइताबद्दल लिहावं तसं लिहिलं तर मनाची तगमग कमी होते, असं अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस यांच्या प्रयोगांत दिसलं आहे. आठवडाभर करून पाहा.

रात्री विचार आलाच तर उशाशी ठेवलेल्या कागदावर तीन-चार शब्द लिहा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या वहीवर सोपवा. दोन आठवडे सतत उदास वाटत असेल, भूक-झोप बिघडली असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर वही बाजूला ठेवून डॉक्टरांना भेटा. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीतूनही बोलता येतं.

प्रश्न : मुलगा दहावीत आहे. दर रविवारी त्याला समोर बसवून आठवड्याचा आढावा घेते, तर तो चिडतो आणि खोटंही सांगतो. त्याला जबाबदारीची जाणीव कशी करून द्यावी? (गृहिणी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : ताई, आढावा तुम्ही घेता तोवर जबाबदारीही तुमच्याकडेच राहते. त्याच्या दृष्टीने ती तपासणी आहे, आणि तपासणीत माणूस सोयीचं तेवढं दाखवतो. वही त्याची, आकडे त्याचे, पुढचा बदलही त्यानेच ठरवलेला. तुम्ही पहिल्या महिन्यात फक्त पद्धत दाखवा : तीन रकाने, अर्धा तास, एक बदल. गणितात चुकलेली उदाहरणं 'रीत आली नाही', 'आकडेमोड चुकली', 'वेळ पुरला नाही' अशी त्यालाच वेगळी करू द्या. पहिल्या प्रकारासाठी शिक्षक लागतात, दुसऱ्यासाठी पडताळा घेण्याची सवय, तिसऱ्यासाठी घड्याळ लावून सोडवलेल्या प्रश्नपत्रिका. हे वर्गीकरण त्याने स्वतः केलं तर कोणता उपाय कशासाठी ते त्याला समजावून सांगावं लागत नाही.

त्याचा ठरलेला बदल तुम्हाला चुकीचा वाटला तरी एक आठवडा चालू द्या. रात्री जागून अभ्यास करायचा त्याचा बेत फसणार असेल, तर तो पुढच्या रविवारी त्याच्याच आकड्यांत दिसेल, आणि तुमच्या सांगण्यापेक्षा ते त्याला जास्त पटेल. रविवारी तुम्ही एवढंच विचारा : 'या आठवड्यात माझ्याकडून काय हवंय?' कधी उत्तर येईल की सहा ते आठ टीव्हीचा आवाज नको, कधी येईल की शिकवणीला सोडायला बाबा हवेत. जे कबूल कराल ते पाळा, आणि ते पाळलं की नाही हे तुमच्या स्वतःच्या वहीत लिहा. वही उघडून पाहायची झाली तर त्याला विचारून, त्याच्यासमोर.